सॉलिसिटर न नेमता इंग्लंडमध्ये छोटा भूखंड कसा खरेदी करावा

इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःसाठी जमीन विकत घेणाऱ्याने सॉलिसिटर नेमलाच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी असल्याने पुढील माहिती तिथे लागू होत नाही. आधीच नोंदणी झालेली, अखंड विकली जाणारी मोकळी जागा रोखीने घ्यायची असेल, तर कागद नीट वाचण्याची चिकाटी असलेल्या माणसाला हे काम जमण्यासारखे आहे. कर्ज काढायचे असेल तर बँकच कायदेतज्ज्ञाचा आग्रह धरते. जमीन नोंदलेलीच नसेल, तर मालकीची किमान १५ वर्षांची साखळी जुन्या दस्तांवरून सिद्ध करून घ्यावी लागते. अशा दोन्ही प्रसंगी फी वाचवण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत आहे.

सर्वप्रथम एचएम लँड रजिस्ट्री या जमीन नोंदणी कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावरून त्या जागेचे टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (नकाशा) मागवावेत. प्रत्येकी ७ पौंड लागतात. तेच कागद जास्त पैसे घेऊन विकणारी खासगी संकेतस्थळेही आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. रजिस्टरचे तीन भाग असतात. पहिल्यात जमिनीचे वर्णन, दुसऱ्यात मालकाचे नाव आणि मालकीचा दर्जा, तर तिसऱ्यात बोजे. दर्जा ‘ॲब्सोल्यूट’, म्हणजे पूर्ण मालकीचा, असावा. ‘पझेसरी’ लिहिलेले असेल, तर विक्रेत्याची मालकी बहुधा केवळ ताब्याच्या आधारावर मान्य झालेली असते आणि जुना हक्कदार पुढे येण्याची शक्यता उरते. तिसऱ्या भागात गहाण दिसले, तर ते कधी आणि कसे सुटणार हे लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिथेच ‘या जागेवर बांधकाम करणार नाही’ अशा जुन्या मालकांनी घातलेल्या अटी सापडतात. रजिस्टरमध्ये केवळ दस्ताचा उल्लेख असेल, तर त्या दस्ताची प्रत स्वतंत्रपणे मागवून मूळ शब्द वाचावेत. भविष्यात बांधकाम परवानगी मिळाल्यास वाढीव किमतीतला हिस्सा आधीच्या मालकाला द्यावा लागेल, अशी ‘ओव्हरेज’ नावाची अटही छोट्या भूखंडांवर आढळते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो रस्त्याला. टायटल प्लॅनवरील लाल रेघ हद्दीचा केवळ साधारण अंदाज देते, नेमकी कायदेशीर हद्द नव्हे. १:१२५० प्रमाणाच्या नकाशावर एक मीटर रुंदीची पट्टी एक मिलिमीटरही भरत नाही, आणि नेमकी तेवढीच पट्टी तुमच्या फाटकाच्या व सार्वजनिक रस्त्याच्या मध्ये दुसऱ्याच कुणाच्या नावावर असू शकते. तो मालक पुढे वाट देण्यासाठी मागेल ती किंमत मागू शकतो. म्हणून नकाशा हातात घेऊन जागेवर जावे, कुंपण आणि रेघ जुळते का ते पाहावे, आणि सार्वजनिक रस्त्याची हद्द कुठे संपते हे स्थानिक रस्ते विभागाकडून (हायवेज अथॉरिटी) लेखी विचारून घ्यावे. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असेल, तर तिचा हक्क रजिस्टरमध्ये नोंदलेला हवा, आणि तो पायी जाण्यापुरता आहे की वाहनासाठीही आहे, हेही तपासावे. ‘आम्ही वर्षानुवर्षे इथूनच येतो-जातो’ या विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबून राहू नये.

त्यानंतर जागेवरील स्थानिक बंधने, नियोजन आणि रस्ते यांची माहिती देणारा शोध एलएलसी१ आणि कॉन२९ या फॉर्मवर मागवावा. जुन्या खाणींच्या भागात कोळसा खाणींचाही शोध घ्यावा. एखादे शेत कापून त्याचे तुकडे ‘पुढेमागे घरे होतील’ म्हणून विकले जात असतील, तर नियोजन विभागाकडे आधी चौकशी करावी, कारण काही ठिकाणी एरवीची सूट काढून घेणाऱ्या ‘आर्टिकल ४’ आदेशामुळे परवानगीशिवाय साधे कुंपणही घालता येत नाही. शिवाय तुकडा विकताना टीआर१ या नेहमीच्या हस्तांतर फॉर्मऐवजी टीपी१ फॉर्म आणि नवा नकाशा लागतो.

१९८९ च्या कायद्यानुसार जमिनीचा करार लेखी, सर्व अटींसह आणि दोन्ही पक्षांच्या सहीचा असावा लागतो. तोंडी शब्द कुणालाच बांधत नाही. लिलावाची गोष्ट निराळी. तिथे हातोडा पडताच तुम्ही बांधले जाता, सहसा १० टक्के रक्कम तिथल्या तिथे आणि उरलेली बहुधा २८ दिवसांत द्यावी लागते, त्यामुळे वरील सगळी तपासणी बोली लावण्यापूर्वीच उरकलेली असावी.

पैसे देण्याआधी लँड रजिस्ट्रीकडे ओएस१ फॉर्मने अधिकृत शोध घ्यावा. त्यामुळे ३० कामकाजाचे दिवस तुमच्या अर्जाला अग्रक्रम मिळतो आणि त्या काळात मध्येच कुणी बोजा चढवला, तरी तुमची नोंद त्याच्या आधी लागते. टीआर१ या हस्तांतर दस्तात नवव्या रकान्यातील मालकीची हमी ‘फुल’ (पूर्ण) आहे का ते पाहावे, आणि खरेदीदार दोघे असतील तर दहाव्या रकान्यात हिस्से स्पष्ट करावेत. सहीसमोर साक्षीदार प्रत्यक्ष हजर हवा आणि तो व्यवहारातला पक्ष नसावा. रक्कम विक्रेत्याच्या सॉलिसिटरच्या क्लायंट खात्यात (अशिलांच्या पैशांसाठीचे वेगळे खाते) भरावी; खाते क्रमांक ईमेलने आला असल्यास, स्वतः शोधलेल्या दूरध्वनी क्रमांकावर तो पडताळून घ्यावा. हा सॉलिसिटर विक्रेत्याचा आहे, तो तुम्हाला सल्ला देणार नाही, याचे भान असू द्यावे.

किंमत ४०,००० पौंडांपेक्षा कमी असल्यास इंग्लंडमध्ये सहसा मुद्रांक कराचे विवरण भरावे लागत नाही. त्याहून जास्त असल्यास कर शून्य असला तरी १४ दिवसांत भरावे. वेल्सचा कर वेगळा आहे.

शेवटी नोंदणीसाठीचा एपी१ अर्ज, मूळ टीआर१, शुल्क आणि ओळख पटवणारा आयडी१ फॉर्म लँड रजिस्ट्रीकडे पाठवावा. आयडी१ पडताळून घेण्यासाठी कायदेतज्ज्ञाला थोडी फी द्यावी लागते. अर्ज अग्रक्रमाच्या मुदतीत पोहोचणे अत्यावश्यक आहे, कारण कायदेशीर मालकी नोंदणी झाल्यावरच तुमच्याकडे येते. संपर्कासाठी तीन पत्ते देता येतात आणि त्यांपैकी एक भारतातला असला तरी चालतो. नवे रजिस्टर हाती आल्यावर नावाचे स्पेलिंग आणि पत्ते तपासावेत, आणि लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट ही विनामूल्य सेवा त्याच दिवशी सुरू करून घ्यावी.