जिनिंगच्या काट्यावरची एक्सपी: जपायची कशी, काढायची कधी

अमळनेरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दसरा आला की जिनिंगवाल्यांचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, फोन सुरू होतात. मे महिन्यात बंद केलेला, गाडीसकट वजन करणाऱ्या भुईकाट्याचा कॉम्प्युटर पहिल्या कापसाला चालू करायला जातात आणि तो उठत नाही. मी जाऊन सेल बदलतो, रॅम पुसून लावतो, तेव्हा कुठे पडद्यावर ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ येतं. विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने ती ऑक्टोबर २००१ मध्ये आणली आणि ८ एप्रिल २०१४ ला तिची देखभाल बंद केली. धरणगाव, बोदवड, दोंडाईचा, शिरपूर या पट्ट्यात मी आजही तिच्यावर पावत्या फाडून देतो आहे.

नवा शिकून आलेला मुलगा हे बघितल्यावर पहिलं वाक्य बोलतो, "शेठ, हे फार जुनं झालं, नवी विंडो टाकून देतो." हे वाक्य मीही बोललो होतो, २०१४ च्याच हंगामात. एका जिनिंगचे आप्पा भला माणूस; त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी नवा कॉम्प्युटर आणला, त्यावर ६४ बिटची विंडोज ७ टाकली आणि जुनी हार्ड डिस्क रिकामी झाली म्हणून फॉरमॅट मारली. काट्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, १६ बिटचं. ६४ बिटची विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवतच नाही. सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्याने दुकान कधीच बंद केलं होतं. दोन दिवस आप्पांचा मुलगा इंडिकेटरवरचा (वजन दाखवणाऱ्या डब्यावरचा) आकडा वाचून हाताने पावत्या लिहीत होता आणि ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. शेतकरी ट्रॉलीतल्या कापसावरच झोपले. तिसऱ्या दिवशी धरणगावच्या एका जिनिंगमध्ये तेच सॉफ्टवेअर सापडलं. तिथून फोल्डर आणला, जुन्या मशीनवर परत एक्सपी टाकली, आप्पांचा डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारी किल्लीच म्हणा) लावला आणि काटा चालू झाला. मागचा सगळा हिशोब मात्र गेला. आप्पा एवढंच म्हणाले, "चालू व्हतं ना भाऊ, मंग कसाले हात लावानं?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढे जे सांगतो आहे ते तेव्हापासून शिकलेलं आहे.

काट्यावरचा कॉम्प्युटर हा ऑफिसातल्यासारखा सुटा कॉम्प्युटर नसतो, तो काट्याचा एक भाग असतो. प्लॅटफॉर्मखालच्या लोडसेलकडून, म्हणजे वजन मोजणाऱ्या यंत्राकडून, वजन इंडिकेटरला येतं, इंडिकेटर ते नऊ पिनांच्या सीरियल केबलने कॉम्प्युटरला देतो, सॉफ्टवेअर भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तीन प्रतींची पावती छापतो. यातली एक कडी बदलली की बाकीच्या तुटतात. मालकाला जुन्याचं प्रेम नसतं, त्याला ही साखळी सांभाळायची असते. छापखान्यातही हेच. आमच्याकडे लग्नसराईत पत्रिका करणारे किती तरी जण अजून पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बसतात. त्यांचे श्रीलिपीसारखे जुने मराठी फाँट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली. पेजमेकरला मराठी युनिकोड कळत नाही, आणि ती फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडली तर नुसता कचरा दिसतो. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, संस्थांचे अहवाल, जाहिराती त्यात अडकलेल्या. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण रफार आणि जोडाक्षरं एकेक ओळ वाचून तपासावी लागतात. लग्नाच्या तिथीत आणि नावात चूक झाली तर पत्रिकेचे पैसे छापखानावालाच भरतो. म्हणून तो जुनी मशीन सोडत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

तेव्हा पहिलं काम, मशीन कशाकशाला बांधलेली आहे ते लिहून काढा. अजून काहीही उघडायचं नाही. मागची बाजू वळवा, मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक केबलला चिकटपट्टी लावून नाव लिहा. प्रिंटरच्या केबलमध्ये मध्येच काडेपेटीएवढा ठोकळा अडकवलेला दिसला तर तो डोंगल आहे; त्याला जोडणी समजून फेकून देणारे मी पाहिले आहेत. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि बनवणारा आता सापडत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कॉम पोर्टचा नंबर बघा, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवायचा वेग (२४००, ९६००, जो असेल तो), डेटा बिट, पॅरिटी, सगळं उतरवा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला उजवी क्लिक करून तो कोणत्या फोल्डरकडे जातो तेही लिहा. हा कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. वहीत ठेवला तर वही हरवते.

दुसरं काम सगळ्यात मोठं, अख्ख्या डिस्कची नक्कल. फोल्डर कॉपी करणं म्हणजे नक्कल नव्हे. ड्रायव्हर, रजिस्ट्री, फाँट, डोंगलचा प्रोग्रॅम हे फोल्डरात येत नाहीत. मी डिस्क काढून दुकानात आणतो, जुनी असेल तर आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने जोडतो आणि क्लोनझिलाने पूर्ण प्रतिमा घेतो. क्लोनझिला फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालू होतं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर क्लोनझिलाच्या नादी लागू नका, डीडीरेस्क्यू वापरा. ते वाचता येणारा भाग आधी काढून घेतं आणि खराब जागी मागाहून परत जातं. या जुन्या डिस्का ४० किंवा ८० जीबीच्या असतात, त्यामुळे जागेचं कारण कोणी सांगू नये. दोन नकला करा. एक माझ्यासारख्याकडे, एक मालकाच्या घरी. जिनिंगच्या ऑफिसात नको, तिथे कापूस आहे आणि कापसाला आग लागते. नंतर प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क त्याच मशीनला लावायची, चालू करायची आणि एक पावती छापून बघायची. पावती निघाली तरच नक्कल झाली असं मी धरतो.

हे काम दसऱ्याला करायचं नसतं. सहा महिने न फिरलेली डिस्क पहिल्यांदा फिरते ती काही वेळा शेवटचीच. शेवटच्या गाठी रवाना झाल्या की मे महिन्यात करा, मशीन गरम असते, डिस्क रोज चाललेली असते. त्याच वेळी इंडिकेटरची केबल कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. जूनच्या पहिल्या वादळात वीज पडली की ती लोडसेलच्या तारेतून इंडिकेटरमध्ये आणि तिथून कॉम पोर्टात येते. पावसाळ्यानंतर मेलेले कॉम पोर्ट मी इतके पाहिलेत की आता बंद करायला गेल्यावर केबल मीच उपसतो.

आता इंटरनेट. एक्सपीला इंटरनेट द्यायचं नाही, यावर मी कोणाशी तडजोड करत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं भोक वापरून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जात होता आणि फाइली कुलूपबंद करून पैसे मागत होता. धोका एवढा होता की तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने पॅच काढला. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधल्या भोकासाठी पुन्हा काढला. हिशोबासाठी ऑफिसच्या मशीनला जोडणं भागच असेल तर हे दोन्ही पॅच टाका आणि रिमोट डेस्कटॉप बंद करा. पण वायर काढून टाकणं जास्त चांगलं. डेटा पेनड्राइव्हने न्या. तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाचा, काट्याच्या ड्रॉवरमध्ये राहणारा, ऑपरेटरच्या मुलाची गाणी त्यात नकोत. पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालू होणारं ऑटोरन बंद करा. फोल्डर गायब करून त्याच्या जागी शॉर्टकट ठेवणारा व्हायरस इंटरनेटवरून कमी आणि पेनड्राइव्हवरून जास्त येतो.

जीएसटी आणि ई-वे बिल त्याच मशीनवर करू, असा हट्ट धरणारे भेटतात. एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या सुरक्षित साइटांची टीएलएस १.२ ही भाषाच येत नाही आणि क्रोम तिच्यावर ४९ व्या आवृत्तीला थांबलं. त्यासाठी खटपट करू नका, वेगळा कॉम्प्युटर घ्या. शेतकऱ्यांचे खाते नंबर आणि आधार नंबर काट्याच्या मशीनवर साठवत असाल तर ते आजच तिथून हलवा. वजन गेलं तर पुन्हा करता येतं. एखाद्या आजोबांचा खाते नंबर भलत्याच्या हाती गेला तर ते नुकसान आपण भरून देऊ शकत नाही.

मशीनच्या अंगाचंही बघा. रुईचे तंतू एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) पंख्यात गुंडाळून बसतात, आणि एप्रिलमध्ये पारा ४४-४५ ला गेला की तो पंखाच थांबतो. महिन्यातून एकदा मशीन उघड्यावर नेऊन ब्लोअर मारा, खोलीत नको, उडालेला कचरा परत आत जातो. बोर्डावरच्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर हंगाम निघणार नाही, तेव्हाच बदलून घ्या. सीआर २०३२ चा सेल काही रुपयांचा. तो मेला की तारीख मागे जाते आणि पावत्यांवर २००२ साल छापून येतं. शेतकरी ती पावती घेऊन भांडायला येतो, आणि त्याचं बरोबर असतं.

सुटी मशीन तयार ठेवायची तर शक्य तितकी तशीच बघा. वेगळ्या बोर्डावर तीच डिस्क लावली तर एक्सपी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागते किंवा शेवटी ७बी असा नंबर असलेली निळी स्क्रीन दाखवते. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा हे एएचसीआयवरून आयडीईवर केलं की बहुतेक वेळा ती स्क्रीन जाते.

नव्यावर कधी जायचं? माझी कसोटी साधी आहे. एक्सपीमध्ये हायपरटर्मिनल असतं, पोर्टावर येणारं जसंच्या तसं दाखवणारं. काट्याचं सॉफ्टवेअर बंद करा, हायपरटर्मिनल उघडा, उतरवून ठेवलेला कॉम पोर्ट आणि बॉड रेट द्या, आणि काट्यावर एक माणूस उभा करा. पडद्यावर आकडे वाचता येतील असे धावू लागले तर तुमची निम्मी सुटका झाली. इंडिकेटर साधा मजकूर पाठवतो आहे आणि तो वाचणारं नवं सॉफ्टवेअर कोणीही लिहून देऊ शकतो. जुना हिशोब बहुधा डीबीएफ फाइलींत असतो, लिबरऑफिसमध्ये त्या उघडतात. मग जुन्या सॉफ्टवेअरला चिकटून राहायचं कारण उरत नाही. आकड्यांऐवजी चित्रविचित्र खुणा आल्या तर आधी बॉड रेट आणि पॅरिटी बदलून बघा.

नव्या मशीनला सीरियल पोर्ट नसतो. यूएसबी कन्व्हर्टर घ्याल तर चांगल्या एफटीडीआय चिपचा घ्या. प्रॉलिफिकच्या नकली चिपचे स्वस्त कन्व्हर्टर नव्या विंडोजवर "कोड १०" दाखवून बसतात. पोर्टला कॉम १ नंबर द्या, जुनी सॉफ्टवेअरं कॉम २ च्या पलीकडे सहसा बघत नाहीत. सॉफ्टवेअर जुनंच ठेवायचं असेल तर नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सपी चालवता येते आणि कॉम पोर्ट तिला जोडून देता येतो. पॅरलल, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या, पोर्टचा डोंगल मात्र तिथे सहसा ओळखला जात नाही. ३२ बिटच्या विंडोज १० वर १६ बिटचे प्रोग्रॅम चालत होते, पण तिचीही देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही. त्या वाटेने आता जाऊ नका.

नवं बसवलं तरी जुनं लगेच काढायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला चार-पाच गाड्या येतात, तेव्हा आधी जुन्यावर वजन करायचं, मग केबल बदलून नव्यावर. दोन्ही पावत्या एकावर एक टाचून ठेवायच्या. आप्पांकडे आम्ही मागच्या हंगामाच्या शेवटी असंच केलं. साठ जोड्या जुळल्या तेव्हा त्यांनी स्वतः जुन्या मशीनची वायर काढली, तिला पोत्यात घातलं आणि डोंगल देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

तुमच्या काट्याचं करायचं असेल तर मे महिन्यात बोलवा. दसऱ्यानंतर बोलावलंत तरी येईन, पण तेव्हा सेल बदलीन, धूळ काढीन आणि बाकी कशाला हात लावणार नाही.