चेहरा ओळखू येत नाही? आधी रंग घालवून बघा

आवडत्या नटाचं डिजिटल चित्र काढलं, रंग झकास जमले, आणि घरचे विचारतात, "हा कोण रे?" बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी हेच झालं. आई वर म्हणाली, "आमच्या वेळचे नट तर बिनरंगाचेच ओळखू यायचे." गोम तिथेच सापडली: चेहरा ओळखू येतो तो रंगाने नाही, उजेड-सावलीने.

१. सगळ्यात वर नवा लेयर (चित्रावर ठेवायचा वेगळा थर) घ्या आणि पूर्ण पांढरा भरा.

२. त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्या थरात कसा मिसळायचा ती सेटिंग, 'कलर' करा. खालचं चित्र कृष्णधवल दिसेल. क्रितासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे होतं.

३. संदर्भाचा फोटोही कृष्णधवल करून शेजारी ठेवा आणि डोळे किलकिले करून दोन्ही पाहा. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली: बहुतेक वेळा चूक याच चार जागी असते. आपण सावली घाबरतघाबरत फिकी देतो. बिनधास्त गडद करा.

४. दुरुस्ती खालच्या लेयरवरच. मधूनमधून चित्र आरशातल्यासारखं उलटवा. क्रितात 'एम' दाबला की झालं. एक डोळा वर चढलेला लगेच दिसतो.

छापायचं असेल तर ए-४साठी कॅनव्हास सुरुवातीलाच २४८० बाय ३५०८ पिक्सेल घ्या. नंतर ताणलं की चेहरा फुटतो.

आणि हो, फाइल पाठवण्याआधी तो पांढरा लेयर आठवणीने बंद करा. मी तशीच पाठवली. नायिकेचा गुलाबी शालू राखाडी छापून आला, पैसे माझेच गेले.