कॅनकूनला जाताय? या चुका टाळा

मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या सहलीतल्या बऱ्याचशा कटकटी विमानात बसण्याआधीच, हॉटेल बुक करताना, ठरून गेलेल्या असतात. फोटोत सगळीकडे तेच निळंशार पाणी आणि तीच पांढरी वाळू दिसते, म्हणून लोक फक्त किंमत बघतात. नकाशा मात्र कोणी उघडत नाही.

इथला हॉटेल झोन म्हणजे इंग्रजी सातच्या आकड्यासारखी एक चिंचोळी वाळूची पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला निचुप्ते लगून (सरोवर), मधून बुलेवार कुकुलकान हा एकच मोठा रस्ता. पत्तेही किलोमीटरवर सांगतात. सातची आडवी दांडी, म्हणजे शहराकडून साधारण किमी ९ पर्यंतचा भाग, इस्ला मुहेरेस बेटाच्या आडोशाला आहे. तिथे पाणी उथळ आणि संथ. कोपरा वळलात की उभी दांडी थेट उघड्या कॅरिबियन समुद्राकडे तोंड करून उभी. तिथला रंग बघत राहावा असा, पण लाटा मोठ्या आणि पायाखालून ओढणारं पाणी जबर. लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर आडव्या दांडीवर हॉटेल घ्या. फक्त अगदी कोपऱ्यावरचं नको, तिथे डिस्कोंचा ढणढणाट पहाटेपर्यंत चालतो.

उभ्या दांडीवर बुकिंग झालंच असेल तर किनाऱ्यावरचा झेंडा रोज बघा. हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे पाण्यात पायही नको. लाल झेंड्याकडे दुर्लक्ष करून गुडघाभर पाण्यात उभं राहणारे बरेच दिसतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा, मग वळा. आणि समुद्र खवळलाय म्हणून मागच्या लगूनमध्ये उतरू नका. तिथे मगरी आहेत, पाट्याही लावलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट सार्गासमची. हे तपकिरी समुद्री शेवाळ साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये लाटांबरोबर ढिगाने येतं, किनाऱ्यावर कुजतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. उन्हाळी सुट्टीत नेमकं हेच पदरात पडतं. हॉटेलशी भांडून उपयोग नाही, ते रोज सकाळी उचलतात आणि दुपारी पुन्हा येतं. त्या दिवशी सरळ बोट पकडून इस्ला मुहेरेसला जा. तिथली प्लाया नोर्ते बहुतेक वेळा स्वच्छ असते आणि कितीतरी आत चालत गेलं तरी पाणी कमरेइतकंच. बोट हॉटेल झोनच्या धक्क्यांवरूनही सुटते, पण प्वेर्तो हुआरेस बंदरातून फेऱ्या जास्त आणि तिकीट स्वस्त.

चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन शहर बघायला जाताना गोंधळ होतो तो घड्याळाचा. कॅनकूनचं, म्हणजे किंताना रो राज्याचं, घड्याळ शेजारच्या युकातान राज्यापेक्षा एक तास पुढे आहे, आणि चिचेन इत्सा युकातानमध्ये येतं. जाताना एक तास फुकट मिळतो, येताना तो परत द्यावा लागतो. त्या संध्याकाळी विमान किंवा बोट असेल तर हा हिशोब आधी करा, कारण फोनचं घड्याळ वाटेत आपोआप बदलतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अंतर सुमारे २०० किमी. पहाटे निघालात तर दार उघडायच्या वेळेला पोचता आणि टूरच्या बसगाड्या येण्याआधी एल कास्तिलो हा तिथला मोठा पिरॅमिड निवांत बघता येतो. तिकिटं दोन असतात, एक केंद्र सरकारचं, एक राज्याचं. एकच हातात घेऊन दारापर्यंत गेलात की परत पाठवतात. पिरॅमिडवर चढायला मनाई आहे, ते मनातून काढून टाका. त्याऐवजी पायऱ्यांसमोर उभं राहून एक टाळी वाजवा, वरून पक्ष्याच्या किलबिलीसारखा प्रतिध्वनी येतो. माझ्या मते चढण्यापेक्षा ही गंमत मोठी. परतीच्या वाटेवर सेनोतेत, म्हणजे चुनखडीतल्या त्या गोड्या पाण्याच्या कुंडात, उतरणार असाल तर सनस्क्रीन लावून जाऊ नका. आधी शॉवर घ्यायला लावतात.

आता पैसे. मेन्यूवर ३५० च्या आधी डॉलरची खूण दिसली की आपल्या माणसाचा जीव दडपतो. ती पेसोचीही, म्हणजे मेक्सिकोच्या चलनाचीही, खूण आहे. खरी फसवणूक कार्डच्या मशीनवर आणि एटीएमवर होते. ‘डॉलरमध्ये की पेसोमध्ये?’ असं विचारलं तर नेहमी पेसो निवडा, नाहीतर दर ते लावतील तो. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. हॉटेल झोनमधून शहरात जायला आर-१ आणि आर-२ बस आहेत, सुटे पेसो जवळ ठेवा. शहरात जायचंच हो! पार्के दे लास पालापासमध्ये संध्याकाळी मार्केसिता मिळतो. कुरकुरीत पातळ वेफरची गुंडाळी आणि आत किसलेलं चीज.

शाकाहारी मंडळींनी एवढं पाठ करावं: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. नुसतं ‘कार्ने नको’ म्हटलं तर कोंबडी चालते असं समजलं जातं. राजम्यासारख्या दिसणाऱ्या त्या शिजवलेल्या बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी, म्हणजे मांतेका, असते आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. आणि आपण ठेचा खाणारे म्हणून हाबानेरो या जहाल मिरचीच्या साल्सावर ताव मारू नका, आधी थेंबभर चाखून बघा.

विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना गणवेशातली हसतमुख माणसं ‘गाडी कुठली?’ असं विचारत अडवतात. बहुतेकजण टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क, विकणारे असतात. मान खाली घालून दाराबाहेर पडा, तुमचा ड्रायव्हर बाहेर उभा असतो. फुकट नाश्त्याच्या आमिषाने त्यांचं ऐकत बसलात आणि सही करून आलात, तरी मेक्सिकोच्या नियमानुसार पाच कामकाजी दिवसांत करार रद्द करता येतो. लेखी द्या आणि पोच घ्या.

शेवटी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेतले आपले एच-१बी वाले मात्र इथेच अडकतात: मंजुरीचा कागद नवा, पण पासपोर्टवरचा शिक्का संपलेला. मेक्सिको शिक्का बघतं. तो संपला असेल तर तिकीट काढण्याआधी मेक्सिकन वकिलातीची वेळ घ्या.