परातीतलं मियोसिस: अंडपेशीत क्रोमोसोम वेगळे कसे होतात ते लोकरीने करून बघा

बारावी आणि बीएस्सी झूलॉजीवाल्यांनो, मियोसिसची (क्रोमोसोमची, म्हणजे डीएनएच्या धाग्यांची, संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन) नुसती आकृती घोकून काही होत नाही. मी पण घोकून गेलेले व्हायवाला आणि सरांनी एकच विचारलं, क्रोमोसोमची जोडी धरून कोण ठेवतं? बोलतीच बंद.

लाल-पिवळी लोकर दादरला स्टेशनबाहेर कुठेही मिळेल, बाकी काळा दोरा, कात्री, सेलोटेप, परात आणि दोन वाट्या घरात असतातच. माणसात क्रोमोसोमच्या 23 जोड्या, पण आपल्याला एक बास, नाहीतर कणीक मळायची वेळ होईल आणि आई परात मागेल.

परात म्हणजे अंडपेशी. वीतभर लाल लोकरीचे दोन तुकडे (एका क्रोमोसोमच्या दोन प्रती) घेऊन मध्यावर दोऱ्याने बांधा, तो सेंट्रोमिअर, म्हणजे प्रती जिथे जोडलेल्या असतात ती जागा. पिवळ्याचं पण तसंच, तो जोडीतला दुसरा क्रोमोसोम. आता एका लाल आणि एका पिवळ्या तुकड्याचं शेपूट कापून अदलाबदल करून जोडा, हे क्रॉसिंग ओव्हर. मग शेपटाकडे रंग बघून दोरा बांधा, लालला लाल, पिवळ्याला पिवळं (पेशीत हा दोरा आधीपासून असतो, आपण सोयीसाठी नंतर बांधतोय). दोरा म्हणजे कोहेसिन, प्रतींना बांधून ठेवणारं प्रोटीन. आता लाल आणि पिवळ्याच्या मधल्या गाठी धरून दोन्हीकडून ओढा, सुटतच नाही! म्हणजे नुसत्या अदलाबदलीने जोडी टिकत नाही, तिच्या पलीकडचा दोरा ती धरून ठेवतो, सरांना हेच हवं होतं.

मधल्या गाठींवर सेलोटेप लावा, हे शुगोशिन (जपानीत राखणदार देव), मधला दोरा कापू न देणारं प्रोटीन. मग जोडी परातीच्या कडेला न्या, कारण स्पिंडल (क्रोमोसोम ओढणारे तंतू) तिथेच असतो, आणि शेपटाचे दोरे कापा. कात्री म्हणजे सेपरेज, कोहेसिन कापणारं एन्झाइम. लाल एकीकडे, पिवळा दुसरीकडे, एक वाटीत टाका, ती पहिली पोलर बॉडी, म्हणजे बाहेर टाकलेली छोटी पेशी. परातीतला तसाच थांबतो, शुक्राणू आल्यावरच सेलोटेप काढून मधली गाठ कापायची आणि एक तुकडा दुसऱ्या वाटीत.

आता खरी गंमत. हे दोरे मुलगी आईच्या पोटात असतानाच बांधले जातात आणि पेशी तिथेच थांबते, कधीकधी चाळीसेक वर्षं, उंदरांत तर दिसलंय की दोरे नंतर नवीन येत नाहीत. म्हणजे वय वाढलं तरी दोरे जुनेच, ते ढिले पडू शकतात. म्हणून एकदा शेपटाची गाठ मुद्दाम ढिली बांधून करा, जोडी कात्रीआधीच सुटते आणि मग कोण कुठे जाईल नेम नाही. दोन्ही परातीतच राहिले आणि ते 21 नंबरचे असले तर बाळाला डाउन सिंड्रोम.

प्रत्येक स्टेपचा फोटो आधी काढा हां, मी विसरले आणि सगळं परत बांधत बसले.