सोंगणीच्या दिवसांत घरातल्या छोट्या कुत्र्याला कसं सांभाळावं

आश्विन लागला की आपल्याकडे घरात कोणालाच कोणासाठी वेळ नसतो. सोयाबीन सोंगायला आलेलं असतं, कपाशीवर फवारणी चालू असते, मजूर मिळत नाहीत. आणि पोट्ट्यांनी हट्ट करून आणलेलं पामेरियन किंवा स्पिट्झ दिवसभर दाराशी भुंकत बसलेलं असतं. मग एक तर त्याला सपरीत साखळीला अडकवतात, नाहीतर सरळ मोकळं सोडतात. बांधलेलं चपळ कुत्रं दार खरवडून, चपला फाडून घरच्यांना वीट आणतं. मोकळं सोडलेलं साप, फवारणी आणि गावकुत्री यांच्या तावडीत सापडतं. त्यापेक्षा त्याचा दिवस आपल्या कामाच्या वेळांशी जुळवून लावून द्यावा, आणि घरात-वावरात जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काय काय आहे ते एकदा खाली बसून पाहावं. छोट्या कुत्र्याचे बहुतेक धोके तिथेच असतात.

आधी लस उरकून घ्या

भाद्रपद-आश्विन हा गावकुत्र्यांच्या माजाचा काळ. गल्लीत टोळकी फिरतात, रात्रभर भांडणं चालतात. पाच-सहा किलोचं आपलं कुत्रं कुंपणातून सुटून त्यांच्यात गेलं तर त्याचा टिकाव लागत नाही. घरी मादी असेल तर जास्तच जपा. मोठ्या नराकडून गाभण राहिली तर दोनेक महिन्यांनी विताना तिचा जीव धोक्यात येऊ शकतो. पुढे पिल्लं नकोच असतील तर नसबंदीचं डॉक्टरांशी बोलून ठेवा.

'घरातच तर असते, त्याले कायले लस?' हे वाक्य गावात फार ऐकू येतं. चावा घ्यायला पिसाळलेलं कुत्रं फाटकाच्या फटीतूनही तोंड घालतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस, आणि नंतर दरवर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांची पुण्यतिथी. त्या सुमारास अनेक ठिकाणी लसीकरणाची शिबिरं होतात, तेव्हा ढोरांच्या दवाखान्यात विचारून ठेवा. त्याच खेपेला कुत्र्याचं वजन करून जंताचं औषधही घ्या.

घरातल्या कोणाला कुत्रं चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, तिखट काही भरू नका.

दिवस लावून द्या

सकाळी वावरात निघण्याआधी त्याला फिरवा. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे साधं नसतं. पारा ३३-३५ अंशांवर जातो आणि पामेरियनच्या अंगावर दुहेरी केस असतात. रस्त्यावर नेण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. ऊन लागतं म्हणून त्याचे केस मुळापासून कापू मात्र नका. तेच केस त्याला उन्हापासूनही वाचवतात, आणि कार्तिकात थंडी पडली की लागतातच.

नुसतं पळवून छोटं चपळ कुत्रं थकत नाही. आणखी चेकाळतं. त्याच्या नाकाला काम द्या. जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा घ्या, त्यात उकडलेल्या अंड्याचे किंवा ज्वारीच्या भाकरीचे वाटाण्याएवढे तुकडे ठेवा, कापडाची सैल गुंडाळी करा आणि एकच गाठ मारून समोर टाका. आधी ते गुंडाळीवर पंजा मारेल, मग दातांनी ओढून पाहील, मग थांबून हुंगत बसेल. पहिल्या दिवशी गाठ सैलच हवी, नाहीतर कापड फाडायचीच सवय लागते. जमायला लागलं की दोन गाठी मारा, गुंडाळी रिकाम्या टोपल्याखाली ठेवा, किंवा तुकडे ओसरीभर लपवा. दहा-पंधरा मिनिटं असं हुंगून झालं की बहुतेक कुत्री स्वतःहून आडवी होतात. हे काम आजीकडे किंवा शाळेतून आलेल्या मुलांकडे सोपवा. मात्र कापड खायला लागलं तर लगेच काढून घ्या.

दुपारी सावलीत, हवेशीर जागी ठेवा. पाण्याचं भांडं जड हवं. स्टीलची वाटी ते पहिल्या झटक्यात उलटी करतं, मग तहानलेलं बसतं. संध्याकाळची फेरी दिवेलागणीआधी उरका. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागांत जंगलाला लागून गाव असेल तर अंधार पडल्यावर कुत्रं अंगणातही ठेवू नका. बिबट्या कुत्र्यासाठी थेट घरापर्यंत येतो.

रोज संध्याकाळी अंग चाचपा

एवढं एक काम चुकवू नका. बाजेवर उजेडात बसा, कुत्रं मांडीवर घ्या आणि बोटं केसांच्या उलट्या दिशेने फिरवा. आधी कानांच्या आत आणि मागे, मग पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेवटी शेपटीच्या मुळाशी. हाताला डाळीच्या दाण्याएवढं काही लागलं तर ते बहुधा गोचीड.

चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, रॉकेल ओतू नका, पेटती काडी तर लावूच नका. नखाने चिरडूही नका. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट ठेवा आणि त्यात टाका. गोचिडाच्या तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. यावर औषध आहे, पण लवकर नेलं तर.

कुत्र्यावरची गोचीड वावरातूनच येते असं नाही, ती घरातही वाढते. भिंतीच्या भेगा, बाजेचे सांधे, दाराच्या चौकटी इथे मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून दिवाळीची सारवासारव आणि चुना या कामाला बसतो. भेगा आधी बुजवा, मग रंगवा, आणि त्याचं पोतं-गोधडी कडक उन्हात टाका. ढोरांसाठी आणलेल्या गोचिडाच्या औषधातलं टोपणभर याच्या अंगावर ओतायचा मोह होतो. तो आवरा. बैलाच्या मापाचं औषध पाच किलोच्या जिवाला विष ठरतं. मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या.

गोचिडाइतकंच वाईट म्हणजे कुसळ. या दिवसांत बांधावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं लांब केसांत अडकतात. कुसळ एकाच दिशेने, आतच सरकतं. बोटांत घुसलं की पंजा सुजतो, कानात गेलं की कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून झटकत राहतं, नाकात गेलं की अचानक शिंकांची सरबत्ती होते. वर दिसतं ते हळूच काढा. कानातलं-नाकातलं स्वतः खोदू नका. पंजाच्या तळव्यातले केस कात्रीने थोडे कमी केले तर निम्मा त्रास वाचतो.

वावरात न्यायचं असेल तर

फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस नेऊ नका. किती दिवस, ते औषधाच्या लेबलवर माणसांसाठी आणि ढोरांसाठी लिहिलेलं असतं, तेवढे तरी पाळाच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, हे आपण विसरलेलो नाही. माणसाच्या कंबरेला लागणारं ओलं पान या कुत्र्याच्या तोंडालाच घासतं, आणि घरी आल्यावर ते पंजे चाटतं. फवारणीचे कपडे, पंप, रिकामे डबे त्याच्या आवाक्यात ठेवू नका. घामाच्या वासामुळे ते नेमकं त्याच कपड्यांवर जाऊन झोपतं.

तोंडातून लाळ, उलट्या, थरथर, झोकांड्या, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर विषबाधा समजा. हातमोजे घालून साबणाने अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. मिठाचं पाणी, दूध, ताक काही पाजू नका. धान्याच्या खोलीत उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवल्या असतील तर तिथे कुलूप हवंच. पिठात कालवलेली ती गोळी कुत्र्याला खाऊच वाटते.

सोयाबीनच्या गंजीजवळ त्याला हुंगू देऊ नका. गंजीत उंदीर शिरतात आणि उंदरांमागे साप. घोणसाचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा ऐकू येतो आणि आपलं शूर पामेरियन नेमकं त्या आवाजाकडे धावतं. दंश बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर होतो. तिथे चिरू नका, करकचून बांधू नका, कुत्र्याला चालवू नका. उचलूनच न्या. कुत्रं लहान म्हणून प्रतिविष थोडं लागेल असं नसतं. मात्रा विषावर ठरते, कुत्र्याच्या वजनावर नाही.

हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालू असताना कुत्रं घरीच बरं.

भुलाबाई ते दिवाळी

कोजागिरीपर्यंत भुलाबाईची खिरापत रोज निघते, आणि मुली हातातला घास कुत्र्यालाही देतात. बेदाणे-मनुका त्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, चॉकलेटही चालत नाही. कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतून देण्याची सवय असेल तर ती मोडा. साधी भाकर किंवा भात, उकडलेलं अंडं, हाडाशिवायचं चिकन, शिजवलेलं कोहळं असं दोन वेळा पुरे.

फटाक्यांची तयारी दसऱ्यापासून करा. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा आणि त्याच वेळी आवडतं काही खायला द्या. आवाज रोज थोडा वाढवा. कुत्रं दचकलं तर परत कमी करा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंधार पडण्याआधी फिरवून, जेवू घालून मधल्या खोलीत न्या, खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. भ्यायलं तर जवळ घ्या, त्याने ते लाडावत नाही. पट्ट्यावर फोन नंबर लिहून ठेवा, कारण घाबरलेलं कुत्रं वाट फुटेल तिकडे पळतं. आपली पॅरासिटामॉल किंवा झोपेची गोळी त्याला देऊ नका. आणि ओसरीवर पणत्यांची ओळ लावताना त्या पायरीवर नाही, कट्ट्यावर ठेवा. झुपकेदार शेपूट हलवत जाणारं कुत्रं पणत्या विझवतं तरी, नाहीतर पेटतं तरी.

दिवाळीत तुमच्या भागातले डॉक्टर कधी सुट्टीवर आहेत आणि तेव्हा जवळचा दुसरा दवाखाना कोणता, हे वसुबारसेच्या आत विचारून भिंतीवर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर १९६२ आहे. ती गाडी मुख्यतः ढोरांसाठी असते, पण फोन करून विचारायला हरकत नाही.