शिवराईला चिंच लावू नका

साताऱ्यात जुन्या वाड्याच्या फडताळात तांब्याची शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं नाणं, सापडली, की घरातलं कुणीतरी चिंच-मीठ घेऊन बसतंच. चिंचेने तांब्या लखलखतो, नाण्याची मात्र किंमत जाते. आम्ल वरचा थर खातं, ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं बोथट होतात आणि शेकडो वर्षांचा काळसर राप निघून जातो. जाणकार पैसे मोजतात ते त्या रापालाच.

माती असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवा, पाणी गढूळलं की बदला. सुटलेली माती बांबूच्या टूथपिकने अलगद काढा. मग सुती कापडाने टिपा, घासायचं नाही. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके दिसले, तर पाण्याच्या वाटेलाच जाऊ नका, ओलीने ते वाढतात. आणि नाणं ठेवायला मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं? अजिबात नकोत.