बर्डीला सीताबर्डी म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या नागपुरातल्या इमारतीत गेल्या वर्षभरात चार नवी बिऱ्हाडं आली. दोन पुण्याची, एक नाशिकचं, एक सांगलीचं. कुणी मिहानमध्ये, कुणी बुटीबोरीला नोकरीला. पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये चौघांनीही मला तेच तीन प्रश्न विचारले. शाळा कुठली चांगली? उन्हाळ्याचं काय करता? आणि तिसरा, आवाज थोडा खाली आणून, “इथली माणसं कशी आहेत हो?”

पहिल्या दोन्हींचं लगेच सांगून टाकते. शाळा इथे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा गावाहून परतायची घाई करू नका. घर बघताना आधी कुलर कुठे बसेल ते बघा. खिडकीबाहेर स्टँड लागतो का, पाणी तिथपर्यंत पोचतं का. कुलरचं गवत मार्चमध्येच बदलून घ्या, एप्रिलमध्ये माणूस मिळत नाही. भर दुपारी बाहेर पडलात तर डोकं-कान दुपट्ट्याने गुंडाळा. खिशात कांदा घेऊन निघणाऱ्यांना हसू नका. कांद्याने काय होतं मला माहीत नाही, पण मी हसले होते आणि मलाच ऊन लागलं होतं.

तिसऱ्या प्रश्नाशी मात्र अडखळते. २००१ साली नवऱ्याची बदली झाली म्हणून मी फलटणहून इथे आले आणि एका शाळेत मराठी शिकवायला लागले. आल्या आल्या मीही शेजारणीला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, “माणसं माणसांसारखीच हाय. तुम्हाले कशी पायजे होती?” मला तो उद्धटपणा वाटला. फलटणहून भांड्याकुंड्यांबरोबर मी आणखी काय काय बांधून आणलं होतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. तुमच्याही सामानात ते असणार, म्हणून लिहिते.

सुरुवात कानापासून होते. इथे कुणी ‘करत आहे’ म्हणत नाही, ‘करून राहिलो’ म्हणतात. ‘का करून राहिला?’, म्हणजे काय करतोयस. ‘जेवून राहिलो.’ पहिल्याच सत्रात एका पोराने निबंधात लिहिलं, ‘पाऊस येऊन राहिला होता.’ मी लाल शाईने खोडून वर ‘येत होता’ लिहिलं आणि समासात ‘शुद्ध लिहा’ असा शेरा मारला. असे शेरे त्या वर्षी मी शेकड्यांनी मारले असतील. पालकसभेला त्याची आई आली. भांडायला नव्हे, खरंच विचारायला. “मॅडम, हे चूक असन तर आम्ही घरी सगळेच चूक बोलून राहिलो का?”

मी प्रमाणभाषा, परीक्षा वगैरे काहीतरी उत्तर दिलं. रात्री झोप लागेना. कारण माझी आजी ‘करतुया’, ‘जातुया’ म्हणायची. सुट्टीत पुण्याची मामेबहीण यायची आणि त्या ‘तुया’ला खिदळायची, आणि मी सातवी-आठवीत ते बोलणं असं टाकलं की आजीने हाक मारली तरी मैत्रिणींसमोर ओ द्यायला लाजायचे. पुण्याच्या बहिणीने माझ्या आजीला जे केलं तेच मी आठशे किलोमीटर दूर येऊन त्या बाईला केलं होतं, तेही पगार घेऊन. प्रमाण मराठी शिकवावीच लागते, मी शेवटपर्यंत शिकवली. पण ‘शुद्ध’ हा शब्द त्यानंतर समासात लिहिला नाही. ‘परीक्षेत असं लिही’ एवढंच.

तेव्हा सांबार मागितल्यावर भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी पुढे केली की विनोद सांगत सुटू नका, तो सगळ्यांनी ऐकलाय. टोंगळा म्हणजे गुडघा. फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. कोबी मागितलात तर ‘पत्ता का फूल?’ असं विचारतील, म्हणजे पत्ताकोबी की फुलकोबी. पोट्टा-पोट्टी ही शिवी नाही, मुलगा-मुलगीच. ‘बे’ हे संबोधन मात्र बरोबरीच्यांत आणि जिव्हाळ्याने चालतं. तुम्ही लगेच वापरायला जाऊ नका, तोंडात बसत नाही आणि ऐकणाऱ्याला नक्कल वाटते. आणि सीताबर्डीला, म्हणजे इथल्या मुख्य बाजारपेठेला, बर्डी म्हणा, नाहीतर रिक्षावाला तुम्हाला लगेच ओळखतो.

‘नागपुरात मराठी कुठे ऐकूच येत नाही’ ही तक्रार चारही बिऱ्हाडांनी केली. दुकानात हिंदी ऐकू येतं हे खरं. पण ते बाहेरून येऊन बसलेलं नाही. हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, त्या प्रांतात मराठी आणि हिंदी दोन्ही मुलूख होते. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. त्याआधीच्या, १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. म्हणजे तुमच्या-माझ्या मनातला ‘आपला महाराष्ट्र’ इथे येऊन सत्तरएक वर्षंच झालीत, आणि येताना त्याने इथलं राजधानीपण नेलं. पश्चिमेकडून आलेला प्रत्येक जण इथे ‘पुण्याकडचा’ असतो, मग तो सांगलीचा का असेना. त्यात थोडा टोमणा असतो. सोसा. वेगळ्या विदर्भावर मत असेल तर ते पहिल्या चहाला काढू नका.

आता घर शोधण्याबद्दल. हे जरा अवघड आहे.

आम्ही घर शोधत होतो तेव्हा दलालाने फोनवर आधी नाव विचारलं, मग “पूर्ण नाव?” आम्ही आडनाव सांगितलं. तो खुश होऊन म्हणाला, “मग काही प्रॉब्लेम नाही, चांगल्या वस्तीत दाखवतो.” दोन दिवसांत घर मिळालं. नागपूरकर किती मदत करतात, असं मी माहेरी पत्रात लिहिलं. वर्षभराने माझ्याच शाळेतल्या एका सहशिक्षकाने, माझ्याइतक्याच पगाराच्या, सांगितलं की त्याला त्याच भागात चार महिने घर मिळालं नव्हतं. फोनवर सगळं ठरायचं, आडनाव सांगितलं की घरमालकाचा पुतण्या अचानक राहायला यायचा. “मॅडम, शहरात इतके पुतणे आहेत,” असं तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही. ‘चांगली वस्ती’ हे शब्द मी वर्षभर बिनदिक्कत वापरत होते, त्यात कोण बसतं आणि कोण बसत नाही हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. गंमत म्हणजे कोणी मला विचारलं असतं, तर ‘आम्ही जातपात मानत नाही’ हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं.

‘मानत नाही’ याबद्दल पुढे एका प्रशिक्षणात ऐकलेलं सांगते. मिल्टन बेनेट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ साली, परक्या संस्कृतीकडे बघण्याच्या माणसाच्या सहा पायऱ्या मांडल्या. आधी फरक दिसतच नाही. मग दिसतो आणि आपलं तेच बरं वाटतं. मग ‘शेवटी सगळे सारखेच’ असं म्हणून तो झाकून टाकला जातो. त्यापुढे फरक आहे तसा मान्य करणं, त्याप्रमाणे स्वतःला वळवणं, आणि शेवटी दोन्हींकडे सहज वावरणं. मी वर्गात बसून आपली पायरी शोधली आणि तिसरीवर सापडले. त्याआधी मला ती सगळ्यात वरची वाटायची. ‘आपल्याकडे असलं काही नसतं, सगळी माणसंच’ हे वाक्य फार गोड आहे, पण ते बोलायला ज्याला परवडतं त्याच्याच तोंडी जास्त असतं. माझ्या सहशिक्षकाने ते कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या पायरीचा एक उलटा प्रकारही बेनेट सांगतो: दुसऱ्यांचं तेच खरं, आपलं सगळं वाईट. तो माझ्या नवऱ्यात उतरला. तीन वर्षांत तो नागपूरकरांहून जास्त नागपूरकर झाला. फलटणला जाऊन सासूबाईंच्या रश्श्याला ‘हे काय, पाणी’ म्हणायचा आणि सावजीच्या गोष्टी सांगायचा. सावजी तुम्हीही खा, पण एक विनंती. ते हलबा कोष्टी समाजातलं, विणकरांच्या घरातलं जेवण. घाम पुसत कोण किती खातो याची शर्यत लावून व्हिडिओ काढायला ते रांधलेलं नाही. चवीने खा, झेपत नसेल तर सरळ सांगा, कोणी हसत नाही. आणि सकाळी तर्री-पोह्यांवर तर्री आधी थोडीच घ्या, नंतर मागता येते.

दसऱ्याचं वेगळं सांगायला हवं. १९२५ च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ याच शहरात सुरू झाला. १९५६ च्या विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे त्या दिवशी रेशीमबागेत गणवेश असतात आणि दीक्षाभूमीवर निळे झेंडे, आणि दोघांच्या मधून तुम्हाला आपट्याची पानं घेऊन जायचं असतं. कोण बरोबर हे तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. पण माझ्या पहिल्या दसऱ्याची गोष्ट ऐका. मी मुलांना दोन दिवस घराबाहेर सोडलं नाही. शेजारणीने विचारलं तर म्हटलं, “गर्दी किती आहे बाहेर.”

मी फलटणची. माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते. आषाढीच्या आधी गावात पाय ठेवायला जागा नसते, ओटीवर, शाळेत, देवळात माणसं झोपलेली असतात, आणि आम्ही पोरी पहाटेपासून पिठलं-भाकरी वाढायचो. त्या माणसांना आम्ही कधी गर्दी म्हटलं नाही. वारकरी म्हणायचो. इथे रात्रभर रेल्वेने, ट्रकने, पायी आलेली तशीच माणसं, लेकरं काखेत, शिदोरी फडक्यात, रस्त्याकडेला झोपलेली, आणि माझ्या तोंडून शब्द आला ‘गर्दी’. त्याच्या पुढच्या वर्षी सहशिक्षकाबरोबर मी दीक्षाभूमीवर गेले. परतणाऱ्यांच्या पिशव्यांत काय असतं ते बघा, असं तो म्हणाला होता. पुस्तकं होती. वारीत पिशवीतून चुरमुरे-बत्तासे जातात, इथे पुस्तकं. तुम्ही जाणार असाल तर वाहन घेऊन जाऊ नका, चालत जा. कोणी ‘जय भीम’ म्हटलं तर ‘जय भीम’ म्हणा. मी पहिल्यांदा ‘नमस्कार’ म्हटलं होतं. नमस्कारात वाईट काही नव्हतं, पण तो म्हणण्याआधी मी जो अर्धा क्षण थांबले तो समोरच्या आजीबाईंना दिसला आणि मलाही.

असल्या थांबण्याकडे लक्ष ठेवा. मत काय आहे हे आपण ठरवून सांगू शकतो, थांबणं ठरवून होत नाही.

शहर फिरायचं तर फक्त धरमपेठ-फुटाळा करू नका. महालात जा, इतवारीत जा, मोमिनपुऱ्यात रमजानच्या संध्याकाळी जा, फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी उभं केलेलं जरीपटका बघा. ताजबागला जा. तिथले सूफी संत ताजुद्दीन बाबा १९२५ साली गेले, त्यांना आपल्या वाड्यात ठेवून घेणारे नागपूरच्या राजघराण्यातले रघुजीराजे भोसले, आणि आजही दर्ग्यावर चादर चढवणाऱ्यांत कितीतरी कपाळांना कुंकू असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत चुकवू नका. काळी आणि पिवळी, दोन अगडबंब पुतळे, मागे बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि सगळं गाव ओरडतं, “घेऊन जा गे मारबत!” रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, काय वाटेल ते. त्याच दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैल घेऊन ती दारात येतात. सुटे पैसे ठेवा.

पण हिंडल्याने सगळं होतं असंही समजू नका. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच लिहून ठेवलंय की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, मिळून काही काम हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. ईदला शिरखुर्मा खाऊन आलो म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांना मी हे ऐकवते. घरकामाच्या ताई आमच्याकडे अकरा वर्षं रोज येत होत्या. त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला होता. कोणी ठेवला, केव्हा, आठवत नाही. कोणी ठरवलं नव्हतं. अकरा वर्षांच्या त्या रोजच्या संपर्काने माझ्यात काडीचा फरक पडला नाही. पडला तो इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या भांडणात, जेव्हा दोन महिने टँकरचा हिशेब मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, आजवर जिन्यात फक्त मान हलवणाऱ्या बाई मिळून लिहीत होतो. त्यांच्या घरी चहा पिऊन आले आणि खिडकीतला कप दिसला. तो आता इतर कपांत मिसळलाय. ताई काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

गेल्या महिन्यात आमचा खालचा फ्लॅट रिकामा झाला. दारावर ‘भाड्याने देणे आहे’ लावलं. एका मुलाचा फोन आला. बाहेरगावचा, नवी नोकरी. त्याने पहिलं नाव सांगितलं आणि थांबला. मीही थांबले. त्याला पुढचा प्रश्न माहीत होता, मलाही माहीत होता, आणि जिभेवर आला होता, खोटं कशाला बोलू. दोन-तीन क्षण दोन्हीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग मी म्हटलं, “कुलरची जागा पूर्वेच्या खिडकीत आहे, नळ जवळ आहे. रविवारी सकाळी येऊन बघा.”